विधिसंघर्षग्रस्त बालके : निरीक्षणगृह आणि त्याचे पर्याय

भिलाई हे नाव उच्चारताच पोलाद कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. सन १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारानुसार हा कारखाना उभारला गेला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर आखीव-रेखीव सेक्टरांचे नगर वसले. त्याच्याच कडेने खुर्सीपार, सुपेला, छावणी, कॅम्प अशा दाट वस्त्याही वाढल्या. विदर्भासह देशाच्या सर्व भागांतून माणसे कामासाठी येथे आली. सन २०११ च्या जनगणनेनुसार दुर्ग-भिलाईनगर नागरी समूहाची लोकसंख्या १० लाखांहून अधिक होती. सेक्टरमधील कायम कामगाराच्या घराला ठरलेला पत्ता, शाळा आणि रुग्णालय आहे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मजुराची भाड्याची खोली मात्र कामागणिक बदलते.

या दोन घरांतील दोन मुलांच्या हातून सारखाच गुन्हा घडला, तर कायदा दोघांना एकच लागू होतो. परंतु त्या संध्याकाळी मूल घरी परतते की निरीक्षणगृहात जाते, हे केवळ गुन्ह्याच्या स्वरूपावर ठरत नाही. पालक वेळेवर हजर होतात का, पत्ता पक्का आहे का, मुलाच्या परिस्थितीची माहिती बाल न्याय मंडळापुढे कोणी मांडली का, या गोष्टी निर्णायक ठरतात.

दुर्ग जिल्ह्यातील अशा मुलांसाठीचे निरीक्षणगृह दुर्ग शहरालगत पुलगाव येथे आहे. छत्तीसगढमध्ये या संस्थेला ‘बाल संप्रेक्षण गृह’ म्हणतात. येथून मुले पळून गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत एकाहून अधिक वेळा आल्या आहेत. अशा घटनेनंतर भिंतीची उंची, पहारेकऱ्यांची संख्या आणि कॅमेरे यांची चर्चा होते. ती आवश्यकच आहे. मात्र त्याआधीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आत असलेल्या मुलांपैकी किती जणांना आत ठेवणे कायद्याच्या दृष्टीने खरोखर अपरिहार्य होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने बाल न्याय कायद्यातील बंदिवासाचे पर्याय आणि ते प्रत्यक्षात येण्यासाठी लागणारी यंत्रणा यांचा विचार केला आहे.

कायद्याची वाटचाल

भारतात मुलांच्या गुन्ह्यांचा स्वतंत्र विचार करणारा पहिला महत्त्वाचा कायदा म्हणजे सन १८५० चा शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा. किरकोळ गुन्हा केलेल्या १० ते १८ वर्षे वयाच्या मुलाला तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराकडे अथवा उद्योगात उमेदवारीवर ठेवण्याची तरतूद त्यात होती. यामागे करुणेइतकाच स्वस्त श्रमाचा हेतूही होता, हे मान्य करावे लागेल. तरीही आपल्या कायद्याने या मुलांसाठी सर्वप्रथम सुचविलेला उपाय हा बंदिस्त संस्थेचा नव्हता, तर हाताला काम शिकविण्याचा होता, ही बाब लक्षणीय आहे. पुढे १८७६ आणि १८९७ च्या कायद्यांनी सुधारशाळा आणल्या व संस्थेत ठेवणे हाच मुख्य मार्ग बनला.

सन १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याचा आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र न्यायालये स्थापण्याचा आग्रह धरला. त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी बाल अधिनियम संमत केले. मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली आणि डोंगरी येथील बालगृहाचे काम सुरू झाले. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताने १९२८ मध्ये आपला बाल अधिनियम केला. दुर्ग जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता. म्हणजेच विदर्भ आणि छत्तीसगढ यांना या विषयातील कायद्याचा प्रारंभीचा वारसा समान लाभला आहे.

स्वातंत्र्यानंतरही राज्याराज्यांत वेगवेगळे कायदे राहिले. काही ठिकाणी कायदा होता, पण अंमलबजावणी नव्हती. परिणामी हजारो मुले प्रौढांच्या तुरुंगात होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यावर १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सोळा वर्षांखालील मुलांविरुद्धचा तपास तीन महिन्यांत पूर्ण व्हावा, असे निर्देश दिले आणि देशभर एकच कायदा असण्याची गरज व्यक्त केली. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम, १९८६ संमत केला.

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. मुलाची अटक वा बंदिवास हा शेवटचा उपाय असावा आणि तो शक्य तितक्या कमी काळासाठी असावा, असे या संहितेचे ३७ वे कलम सांगते. तिला अनुसरून सन २००० चा बाल न्याय अधिनियम आला. मुलगा व मुलगी दोघांसाठी १८ वर्षे ही वयोमर्यादा समान झाली. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर ही मर्यादा खाली आणण्याची मागणी झाली. न्यायमूर्ती वर्मा समितीने ती मान्य केली नाही. मात्र पुढे आलेल्या २०१५ च्या अधिनियमाने निर्घृण गुन्ह्याचा आरोप असलेल्या १६ ते १८ वयोगटातील मुलांबाबत प्राथमिक मूल्यमापन करून प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचा मार्ग खुला केला. हा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. सन २०२१ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या.

कायद्यातील कालगणना

या अधिनियमाने गुन्ह्यांचे तीन वर्ग केले आहेत. तीन वर्षांपर्यंत कमाल शिक्षा असलेले किरकोळ गुन्हे, तीन ते सात वर्षे शिक्षेचे गंभीर गुन्हे आणि किमान सात वर्षे शिक्षा असलेले निर्घृण गुन्हे. कमाल शिक्षा सात वर्षांहून अधिक, पण किमान शिक्षा ठरविलेली नाही किंवा ती सात वर्षांहून कमी आहे, अशा गुन्ह्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल प्रकरणात (जानेवारी २०२०) सोडविला आणि ते ‘गंभीर’ मानले. २०२१ च्या दुरुस्तीने हीच भूमिका कायद्यात आली.

कायद्याचा हेतू समजून घेण्यासाठी त्यातील मुदती ध्यानात घ्याव्यात.

चोवीस तास : ताब्यात घेतलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर केले पाहिजे. पोलीस कोठडीत वा तुरुंगात त्याला कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही.

सात दिवस : जामिनाचा आदेश झाला, परंतु त्यातील अटी मुलाला सात दिवसांत पूर्ण करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे आणावे लागते.

पंधरा दिवस : प्रथम हजेरीपासून पंधरा दिवसांत मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला मिळाला पाहिजे.

चार महिने : चौकशी चार महिन्यांत संपावी. मंडळ कारणे नोंदवून ती आणखी दोन महिने वाढवू शकते. किरकोळ गुन्ह्यातील चौकशी त्यानंतरही अपुरी राहिली, तर ती समाप्त होते.

तीन वर्षे : प्रौढ म्हणून खटला चालविण्यासाठी न पाठविलेल्या मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते.

या सर्व मुदतींमागे एकच विचार आहे. प्रौढाच्या आयुष्यातील चार महिने आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील चार महिने सारखे नसतात. तेवढ्या काळात शाळेचे एक वर्ष वाया जाते.

जामिनाबाबतचे १२ वे कलम विशेष महत्त्वाचे आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर सोडणे हा येथे नियम आहे. सुटकेमुळे मूल ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याचा, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका पोहोचण्याचा किंवा न्यायाचा हेतू विफल होण्याचा संभव असेल, तरच जामीन नाकारता येतो आणि त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. जामीनदार असणे ही पूर्वअट नाही. जामीनदाराविना, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा एखाद्या सुयोग्य व्यक्तीच्या हवाली करूनही मुलाला सोडता येते. ज्या मुलाच्या मागे घर, पैसा वा ओळख नाही, त्याच्यासाठीच कायद्याने ही दारे ठेवली आहेत.

एक उदाहरण

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पोलादनगरीतील एखाद्या वस्तीत राहणारा सोळा वर्षांचा मुलगा भंगार लोखंड चोरताना सापडला. भारतीय न्याय संहितेनुसार साध्या चोरीला कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे, म्हणून बाल न्याय कायद्याच्या दृष्टीने हा किरकोळ गुन्हा ठरतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अशा प्रकरणात, मुलाबरोबर प्रौढ व्यक्ती सामील नसल्यास, प्रथम खबरी अहवाल नोंदविला जात नाही. ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकारी दैनंदिनीत नोंद करतो, सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करतो आणि पालकांना कळवितो.

आता समजा, मुलाकडून हे काम एखादा प्रौढ भंगारवाला करवून घेत होता. तेव्हा प्रथम खबरी अहवाल नोंदविला जाईल. पण कायद्याचा रोख त्या प्रौढाकडेही वळला पाहिजे. बालकाचा बेकायदा कृत्यासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला कलम ८३ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. या कलमाचा विचार तपासात झाला नाही, तर मूल आत आणि त्याला वापरणारा बाहेर, असे विपरीत चित्र निर्माण होते.

मंडळापुढे हजेरीच्या दिवशी आई ठेक्याच्या कामावर आहे, वडील परगावी आहेत, भाड्याच्या खोलीचा कागद नाही. अशा वेळी मंडळापुढे प्रश्न उभा राहतो, की मुलाला सोडावे तर कोणाच्या हवाली? उत्तर देणारे कोणी नसेल, तर निरीक्षणगृह हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. तेथे त्याची गाठ अधिक गंभीर आरोप असलेल्या मुलांशी पडते. ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीपासून वाचविण्यासाठी जामीन नाकारण्याची मुभा कायदा देतो, पण निरीक्षणगृहातच ती संगत मिळू शकते. वय, लिंग आणि गुन्ह्याचे स्वरूप यांनुसार मुलांचे वर्गीकरण करण्याचे बंधन कायद्याने घातले आहे ते याचसाठी. अपुऱ्या जागेत मात्र ते पाळणे अवघड जाते.

पर्याय कोणते आहेत

चौकशीअंती मुलाने गुन्हा केल्याचे सिद्ध झाले, तरी कलम १८ नुसार मंडळापुढे पर्यायांची एक चढती पायरी असते. समज देऊन घरी पाठविणे, गटसमुपदेशन, सामुदायिक सेवा, दंड, सद्वर्तनाच्या हमीवर पालकांकडे वा सुयोग्य व्यक्तीकडे परिवीक्षेवर सोडणे, सुयोग्य संस्थेच्या देखरेखीखाली ठेवणे आणि सर्वांत शेवटी विशेष गृह. याशिवाय शाळेत वा व्यवसाय प्रशिक्षणास जाणे, व्यसनमुक्ती उपचार घेणे, विशिष्ट ठिकाणी न जाणे असे जोड आदेशही मंडळ देऊ शकते.

सामुदायिक सेवेची कल्पना आदर्श नियमांत स्पष्ट केली आहे. चौदा वर्षांवरील मुलांनी उद्यानाची निगा राखणे, वृद्धांची सेवा करणे, रुग्णालयात मदत करणे, वाहतूक स्वयंसेवक म्हणून काम करणे अशा गोष्टी तीत येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी प्रौढांनाही सामुदायिक सेवेची शिक्षा उपलब्ध केली. बाल न्यायात रुजलेली कल्पना अशा रीतीने सामान्य फौजदारी कायद्यात पोहोचली, असे म्हणता येईल.

या मार्गातील आणखी एक महत्त्वाची तरतूद नव्या प्रारंभाची आहे. कलम २४ नुसार, प्रौढाप्रमाणे दोषी ठरलेल्या मुलांचा अपवाद वगळता, गुन्हा सिद्ध झाल्यामुळे मुलाला पुढील आयुष्यात कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि त्याच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाच्या असतात. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील नियुक्तीसंबंधीच्या रमेश बिष्णोई प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाच्या आधारे उमेदवाराच्या बाजूने निर्णय दिला. नोकरीपूर्वी पोलीस पडताळणी होणाऱ्या औद्योगिक शहरात या तरतुदीचे मोल वेगळे सांगावयास नको.

कळीचा दुवा : परिवीक्षा अधिकारी

पर्यायांची ही यादी पाहिली, की कायदा उदार आहे याबद्दल शंका उरत नाही. अडचण वेगळीच आहे. यांतील प्रत्येक पर्याय मुलाविषयीच्या माहितीवर अवलंबून आहे आणि ही माहिती गोळा करण्याचे काम परिवीक्षा अधिकाऱ्याचे आहे. तो घरी जातो, शाळेत विचारतो, शेजाऱ्यांशी बोलतो, मुलाच्या सवयी व संगत पाहतो आणि काय करावे हे मंडळाला सुचवितो. सुटकेनंतर देखरेखही त्यालाच ठेवावयाची असते. बॉस्टनमधील जॉन ऑगस्टस या चर्मकाराने १८४१ मध्ये न्यायालयात उभ्या असलेल्या एका मद्यपीची हमी घेतली, तेथून परिवीक्षेची आधुनिक कल्पना सुरू झाली, असे मानतात. कोणीतरी जबाबदारी घेतो म्हणून दुसऱ्याला तुरुंगात जावे लागत नाही, हे तिचे सार आजही तेच आहे.

सन २००९-१० मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी-तथा-परिवीक्षा अधिकाऱ्याचे पद ठेवले गेले. ही योजना पुढे ‘मिशन वात्सल्य’मध्ये समाविष्ट झाली. मोठा जिल्हा, अनेक ठाणी, कायदेविषयक काम आणि गृहभेटी यांचा भार मोजक्या व्यक्तींवर पडल्यास अहवाल उशिरा येतात किंवा छापील रकाने भरण्यापुरते उरतात. अहवालाविना मंडळ अंधारात निर्णय घेते आणि अंधारात घेतलेला निर्णय बहुधा सावधगिरीकडे, म्हणजेच बंदिवासाकडे झुकतो.

मंडळांची स्थितीही या संदर्भात पाहिली पाहिजे. प्रत्येक मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य असावे लागतात व त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या अभ्यासानुसार ३६२ मंडळांपुढील १,००,९०४ प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रकरणे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रलंबित होती आणि सुमारे चौथा हिस्सा मंडळांत सर्व सदस्य नव्हते. संपूर्णा बेहुरा प्रकरणी ९ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिक्त पदे भरण्याचे आणि बालसंस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण करण्याचे निर्देश दिले होते. ही याचिका २००५ मध्ये दाखल झाली होती, हे ध्यानात घेतल्यास प्रश्न किती जुना आहे ते कळते.

याच्या तुलनेत प्रकरणांची संख्या आवाक्याबाहेरची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार मुलांविरुद्ध २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५ गुन्हे नोंदविले गेले. देशाचा विस्तार पाहता ही संख्या मर्यादित आहे. प्रत्येक मुलाकडे स्वतंत्रपणे लक्ष देणे अशक्य नाही, एवढे तरी तिच्यावरून दिसते.

पुण्याच्या प्रकरणाचा धडा

पर्यायांबद्दल समाजात जो संशय आहे, तो पुण्यातील घटनेने ठळक झाला. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात एका अल्पवयीन मुलाने चालविलेल्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी मुलाला जामीन मिळाला. रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिणे आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करणे या त्यातील अटींवर देशभर संताप व्यक्त झाला. काही दिवसांत आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठविले गेले. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बंदिवास बेकायदा ठरवून त्याची सुटका केली. जामीन कायम असताना मुलाला पुन्हा बंदिस्त करता येत नाही, हा त्यातील मुद्दा होता. त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात. मृतांच्या कुटुंबीयांचे दुःख आणि समाजाचा रोष समजण्याजोगा आहे. गुन्ह्याच्या गांभीर्याशी मेळ नसलेली अट घातली गेली, की पर्यायच हास्यास्पद ठरतो आणि त्याची किंमत पुढे इतर मुलांना मोजावी लागते. दुसरे असे, की जामीन त्वरेने मिळणे हा येथे दोष नव्हता, कारण कायद्याची तीच अपेक्षा आहे. खटकणारी गोष्ट ही, की हीच त्वरा साधनहीन कुटुंबातील मुलाच्या वाट्यालाही यावी यासाठी पुरेशी व्यवस्था नाही. या विषमतेवरील उपाय दोघांना आत ठेवणे हा नसून दोघांनाही सारख्या काळजीने तपासणे हा आहे.

अन्यत्र आलेला अनुभव

संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या जागतिक अभ्यासानुसार दरवर्षी किमान ४ लाख १० हजार मुले तुरुंगांत व चौकशीपूर्व कोठड्यांत ठेवली जातात. अशा बंदिवासाचे परिणाम काय होतात, याचा एक मोठा अभ्यास शिकागोमध्ये झाला. आयझर आणि डॉयल या अर्थशास्त्रज्ञांनी ३५ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. सारखीच प्रकरणे योगायोगाने कडक वा सौम्य न्यायाधीशांपुढे गेल्याने तुलना शक्य झाली. बंदिस्त ठेवलेल्या मुलांमध्ये शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण घटले आणि प्रौढपणी तुरुंगात जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसते.

अमेरिकेत १९९२ पासून अ‍ॅनी ई. केसी प्रतिष्ठानाने बंदिवासाचे पर्याय वाढविण्याचा उपक्रम चालविला. मुलाला आत ठेवावे की नाही हे ठरविण्यासाठी ठरावीक निकषांचा तक्ता, प्रकरणांचा जलद निपटारा आणि संध्याकाळची हजेरी केंद्रे ही त्याची साधने होती. अशा केंद्रांत मुले शाळा सुटल्यापासून रात्रीपर्यंत देखरेखीखाली असतात आणि झोपण्यास घरी जातात. अमेरिकेत एका दिवशी बंदिस्त असलेल्या मुलांची संख्या सन २००० मध्ये एक लाखाहून अधिक होती, ती दोन दशकांनंतर सुमारे २५ हजारांवर आली. याच काळात तेथील मुलांच्या गुन्ह्यांतही घट झाली. घट केवळ या उपक्रमांमुळे झाली असे म्हणता येणार नाही, पण मुले बाहेर राहिल्याने गुन्हे वाढतील ही भीती खरी ठरली नाही. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कुटुंब परिषदेची पद्धत स्वीकारली. तीत मूल, त्याचे आप्त, पीडित व्यक्ती आणि पोलीस एकत्र बसून भरपाई व सुधारणेची योजना ठरवितात. पीडिताला बोलण्याची जागा मिळते, हा तिचा विशेष गुण आहे.

औद्योगिक नगरातील शक्यता

हे उपाय भिलाईसारख्या शहरात परके वाटण्याचे कारण नाही. येथे रुग्णालये आहेत, १९७२ पासूनचे मैत्री बाग उद्यान आहे, प्रशिक्षण संस्था आहेत आणि मुख्य म्हणजे हातात कसब असलेल्या निवृत्त कामगारांची मोठी संख्या आहे. वेल्डिंग, विजेचे काम, यंत्रदुरुस्ती शिकवू शकणारा आणि आठवड्यातून दोनदा मुलाची विचारपूस करणारा निवृत्त कामगार हा ‘सुयोग्य व्यक्ती’ म्हणून मंडळाच्या मान्यतेस पात्र ठरू शकतो. १८५० च्या कायद्यातील उमेदवारीची कल्पना, तिच्यातील शोषणाचा अंश काढून टाकून आणि बालश्रमविरोधी कायद्याची बंधने पाळून, अशा रीतीने नव्याने उपयोगात येऊ शकते.

त्यासाठी पुढील गोष्टींना अग्रक्रम द्यावा लागेल. पहिली, पुरेशा परिवीक्षा अधिकाऱ्यांची नेमणूक व त्यांच्या गृहभेटींसाठी प्रवासाची तरतूद. दुसरी, मंडळाच्या आवारात मदतकक्ष. टाटा समाजविज्ञान संस्थेने महाराष्ट्रातील मंडळांमध्ये असे कक्ष चालविले असून पालकांना प्रक्रिया समजावणे आणि कागदपत्रांसाठी साहाय्य करणे हे काम त्यांतून होते. तिसरी, सुयोग्य व्यक्ती व संस्थांची अद्ययावत यादी. चौथी, सात दिवसांहून अधिक काळ जामीन पूर्ण न करू शकलेल्या मुलांची साप्ताहिक छाननी. पाचवी, सुटकेनंतरची साथ, कारण अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या युवकाला अनुरक्षणाची, म्हणजे निवारा व रोजगार यांची गरज असते.

कोविड काळात सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२० रोजी निरीक्षणगृहांतील मुलांना जामिनावर सोडता येईल का, हे सक्रियपणे तपासण्यास मंडळांना सांगितले होते. त्या आदेशामागील विचार साथीपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. तशी तपासणी हे मंडळाचे नित्याचे काम मानण्यास कायद्याचा पूर्ण आधार आहे.

समारोप

बंदिस्त संस्थांची गरज पूर्णतः संपेल, असे नाही. निर्घृण गुन्ह्यांतील काही मुलांसाठी, तसेच ज्यांना घरीच धोका आहे अशा मुलांसाठी सुरक्षित निवासाची आवश्यकता राहील आणि त्या संस्था मानवी व शिक्षणयुक्त असल्या पाहिजेत. परंतु शेवटचा उपाय हा शेवटीच योजला जावा, यासाठी आधीचे उपाय प्रत्यक्षात उपलब्ध असावे लागतात. संविधानाचे ३९ (च) हे मार्गदर्शक तत्त्व बालकांना स्वातंत्र्य व प्रतिष्ठेच्या वातावरणात निकोप रीतीने वाढण्याची संधी देण्यास सांगते. हे तत्त्व विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या बाबतीत पाळले जाते का, याचा पडताळा निरीक्षणगृहाच्या भिंतीवरून मिळणार नाही. हजेरीपासून पंधराव्या दिवशी मंडळाच्या मेजावर त्या मुलाच्या घरी जाऊन आलेल्या माणसाचा अहवाल आहे की नाही, यावरून तो मिळेल.